जिवंत मेंदूतल्या रक्तवाहिनीचं अस्तर: दिसतं किती आणि मोजता येतं किती

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "भूल दिलेल्या उंदराच्या कवटीत खिडकी करून टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर पाहते आहे. गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन (डब्ल्यूजीए, शर्करेला चिकटणारं प्रथिन) हिरव्या रंगात आणि ७० किलोडाल्टनचं डेक्स्ट्रान (रक्तात नुसताच वाहणारा मोठा शर्करा-रेणू) लाल रंगात शेपटीच्या शिरेतून दिलं. वाहिनीच्या भिंतीवर हिरवी कड दिसते, तिची रुंदी ०.८ मायक्रोमीटर भरते. ही ग्लायकोकॅलिक्सची जाडी धरू का? आणि काही प्राण्यांत ती कड तुटक का दिसते?"

नाही, ती जाडी धरू नका. ०.८ हा आकडा बहुतांशी तुमच्या सूक्ष्मदर्शकाचा आहे, उंदराचा फार थोडा. तुटक कडेचा प्रश्न मात्र मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे कदाचित प्राण्याला इजा होत असेल. पण क्रमाने घेऊ.

आधी आपण कशाकडे बघतो आहोत ते पाहा. उंदराच्या मेंदूतली केशवाहिनी आतून चार ते सहा मायक्रोमीटरची. तिची भिंत म्हणजे एंडोथेलियमच्या पेशींचा एकच थर, आणि पेशीचं केंद्रक सोडलं तर इतर जागी तो थर ०.२ ते ०.३ मायक्रोमीटर इतका पातळ असतो. या पेशींच्या रक्ताकडच्या बाजूवर शर्करेच्या साखळ्यांची आणि प्रथिनांची, पाण्याने फुगलेली मऊ लव असते. तीच ग्लायकोकॅलिक्स. कापडाच्या आत अस्तर आणि त्या अस्तरालाही आतून मखमल, असं काहीसं. मखमल आणि अस्तर मिळून अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास. आता चांगल्या, १.० अॅपर्चरच्या (प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेच्या) पाण्यात बुडणाऱ्या ऑब्जेक्टिव्हने, म्हणजे वस्तूकडच्या भिंगाने, टू-फोटॉनमध्ये मिळणारा प्रकाशबिंदू आडवा सुमारे ०.४ मायक्रोमीटर आणि उभा दीड ते दोन मायक्रोमीटर असतो. मेंदूत खोल गेलात, कव्हरस्लिप तिरकी बसली किंवा ऑब्जेक्टिव्हची करेक्शन कॉलर (काचेच्या जाडीनुसार भिंग जुळवणारं कडं) नीट लावली नाही, तर तो आणखी पसरतो. खडूने फळ्यावर कितीही बारीक रेघ ओढायची ठरवली तरी ती खडूच्या टोकाएवढीच जाड उमटते. तुमची हिरवी कड ही तशी रेघ आहे.

पण याचा अर्थ मोजमापच अशक्य, असा नाही. रेघ जाड असली तरी तिचा मध्य कुठे आहे हे तिच्या जाडीपेक्षा कितीतरी बारकाईने सांगता येतं. म्हणून रुंदी सोडा आणि मध्य पकडा. वाहिनीला काटकोनात रेषा घ्या, हिरव्या तेजाचा आलेख काढा, त्यावर वक्र बसवा आणि शिखर कुठे पडतं ते लिहा. मग लाल डेक्स्ट्रानची कड कुठे संपते ते त्याच रेषेवर काढा. हिरवं शिखर आणि लाल कड यांच्यातलं अंतर, म्हणजे मोठ्या रेणूला भिंतीपासून किती दूर ठेवलं जातं, हे तुमचं खरं मोजमाप. कोपनहेगनमधल्या कुटुझोव्ह, फ्लिवबर्ग आणि लॉरिट्झेन यांनी २०१८ साली जिवंत उंदरांत अशाच विचाराने काम केलं. त्यांच्या मांडणीत ग्लायकोकॅलिक्स हा मोठ्या रेणूंना अडवणारा पहिला अडसर ठरला, पण लहान रेणूंना तो फारसा अडवत नाही. म्हणूनच तुम्ही एकाच आकाराचं डेक्स्ट्रान वापरून थांबू नये असं मला वाटतं. सोडियम फ्लुओरेसिन (फक्त ३७६ डाल्टनचा लहान रेणू) आणि एखादं जड डेक्स्ट्रान, दोन्ही करून बघा. दोन्हींची कड एकाच जागी आली तर तुम्ही ग्लायकोकॅलिक्स मोजत नाही, प्रकाशबिंदूचा पसारा मोजता आहात.

वाहिनीची निवड नीट करा. प्रकाशबिंदू उभ्या दिशेने लांब आहे, म्हणून आडव्या जाणाऱ्या वाहिनीचा वरचा आणि खालचा भाग नेहमी फुगलेला, धूसर दिसतो. अशा वाहिनीच्या बरोबर पोटातून, सर्वात रुंद पातळीवर प्रतिमा घ्या. तिथे बाजूची भिंत प्रकाशाच्या दिशेला समांतर उभी असते आणि उभा पसारा तुमचं कमीत कमी नुकसान करतो. ही पातळी नजरेने ठरवू नका. पाव मायक्रोमीटरच्या पायऱ्यांनी वरपासून खालपर्यंत प्रतिमा घ्या आणि रुंदी जिथे कमाल भरते तो थर निवडा. तिरक्या जाणाऱ्या वाहिन्या मोजमापाला घेऊच नका, मग त्या कितीही सुंदर दिसोत. पिक्सेल ०.१ मायक्रोमीटरच्या आसपास ठेवा. उंदराचं हृदय मिनिटाला चारशे ते सहाशे ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याला भिंत हलते. सावकाश घेतलेल्या एकाच प्रतिमेत ती हालचाल जाडी बनून बसते. त्यामुळे जलद घेतलेल्या अनेक प्रतिमा, आधी एकमेकींवर जुळवून, मगच सरासरी.

इथे एक नियंत्रण-प्रयोग आहे, आणि तो केल्याशिवाय मी कुणाच्याही ग्लायकोकॅलिक्सच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. तेच लेक्टिन दोन रंगांत घ्या, हिरव्या आणि लाल, आणि एकाच प्राण्यात एकत्र द्या. दोन्ही रंग एकाच जागी चिकटणार, म्हणजे दोन शिखरांमधलं अंतर शून्य यायला हवं. शून्य येत नसेल तर जे अंतर येतं तो तुमच्या यंत्राचा रंगदोष, आणि तुमच्या प्रत्येक मोजणीत तो मिसळलेला आहे. काचेवर बसवलेल्या ०.१ मायक्रोमीटरच्या चमकत्या मण्यांवरही हे तपासता येतं आणि तपासावंच. पण मणी काचेवर असतात, तुमची वाहिनी मेंदूत दोनशे मायक्रोमीटर खाली. दोन्ही रंग ८०० ते ८५० नॅनोमीटरच्या पट्ट्यातल्या एकाच लेझरने पेटवता आले, तर निदान पेटवण्याच्या बाजूचा फरक उरत नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रुथेनियम रेड या रंजकाने ही लव पहिल्यांदा स्पष्ट दाखवली ती लुफ्ट यांनी, १९६६ मध्ये. पण तिथे ऊती सुकवलेली असते, पाणी गेलेलं असतं, आणि लव चुरगळून जेमतेम वीसेक नॅनोमीटरच्या पट्टीएवढी उरते. जिवंत वाहिनीत ती किती जाड आहे हे विंक आणि डुलिंग यांनी १९९६ मध्ये हॅम्स्टरच्या स्नायूतल्या केशवाहिन्यांत दाखवलं. डेक्स्ट्रान भिंतीपासून सुमारे ०.४ ते ०.५ मायक्रोमीटर अलीकडेच थांबतं. हा निष्कर्ष सगळे सांगतात. त्याच शोधनिबंधातली दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात: रक्तात चमकता रंग असताना वाहिनीवर काही मिनिटं तीव्र प्रकाश टाकला की तो थर नष्ट होतो आणि तांबड्या पेशी भिंतीला जवळजवळ चिकटून वाहू लागतात. त्यांनी हे हेतुपुरस्सर केलं, थर काढून टाकण्याची पद्धत म्हणून. पेटलेला रंग ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार करतो आणि त्यांचा पहिला घाव बसतो तो जवळच्या अस्तरावर.

पुढे कोलंबिया विद्यापीठात हिलमन यांच्या गटाने २०१४ मध्ये हाच मार्ग मेंदूत वापरला. रक्तात फ्लुओरेसिन-डेक्स्ट्रान देऊन मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमनिकेचा एक छोटा तुकडा निळ्या प्रकाशाने उजळला. त्या तुकड्यातलं एंडोथेलियम निकामी झालं आणि वाहिनी रुंदावण्याचा जो संदेश भिंतीतून पुढे सरकत जातो, तो तिथेच अडला. एंडोथेलियम हे नुसतं अस्तर नसून संदेशवाहक आहे, हे त्यातून ठामपणे पुढे आलं आणि मला तो प्रयोग फार आवडतो. पण तुम्ही तो दुसऱ्या नजरेने वाचा. त्यांनी वापरलेला रंग आणि तुमच्या प्राण्यातला रंग हे भाऊ-भाऊ आहेत. रोझ बेंगाल आणि हिरवा प्रकाश यांनी मुद्दाम गुठळी करून पक्षाघाताचं प्रारूप बनवतात, तेही याच कुटुंबातलं. ज्याने आपण अस्तर पाहतो, त्यानेच ते जळतं. प्रमाणाचाच काय तो फरक.

टू-फोटॉनमध्ये थोडं संरक्षण आहे. १९३१ मध्ये मारिया गॉपर्ट-मायर यांनी दोन प्रकाशकण एकाच वेळी शोषले जाण्याचं भाकीत मांडलं, १९९० मध्ये डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी कॉर्नेलमध्ये त्यावर सूक्ष्मदर्शक उभा केला. उत्तेजन प्रकाशाच्या तीव्रतेच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे रंग फक्त नाभीपाशी, म्हणजे प्रकाश एकवटतो त्या बिंदूपाशी, पेटतो, वरखाली नाही. १९९८ मध्ये क्लाइनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या थोरल्या भावात, म्हणजे रॅटमध्ये, मेंदूच्या केशवाहिन्यांतून धावणाऱ्या तांबड्या पेशी मोजल्या त्या याच्याच बळावर. पण नाभीपाशी मात्र तीव्रता प्रचंड असते. एका रेषेवर मिनिटभर तीच तीच स्कॅन चालू ठेवली की भिंतीचा तोच ठिपका शेकडो वेळा भाजला जातो. ऊतीचं तापमानही वाढतं, शंभर मिलिवॅटमागे दोनेक अंशांपर्यंत.

म्हणून माझा नियम साधा आहे. प्रत्येक वाहिनीची पहिली प्रतिमा आणि शेवटची प्रतिमा अगदी कमी शक्तीवर, एकाच पद्धतीने घ्यायची आणि दोन्हींतलं अंतर ताडून बघायचं. शेवटी थर पातळ झाला असेल तर मधली सगळी मोजणी बाद. तुमच्या नोंदीत ही जोडी दिसली नाही. पुढच्या प्राण्यापासून ती ठेवा.

तुटक कडेबद्दल. कारणं बरीच संभवतात, आणि ती वेगळी करता येतात.

पहिलं आणि सर्वात निरुपद्रवी: लेक्टिन रक्तातून येतं, म्हणून जिथे रक्त पोचत नाही तिथे ते चिकटत नाही. एखाद्या केशवाहिनीत पांढरी पेशी अडकून प्रवाह थांबला असेल तर पुढचा तुकडा काळा राहतो. लाल वाहिनीत तांबड्या पेशींच्या काळ्या सावल्या सरकताहेत का ते बघा. मेंदूच्या केशवाहिनीत त्या साधारण सेकंदाला अर्धा ते एक मिलिमीटर वेगाने धावतात. सावल्याच नसतील तर प्रश्न प्रवाहाचा आहे, अस्तराचा नाही.

दुसरं, वेळ. डब्ल्यूजीए सियालिक आम्लाला आणि एन-अॅसिटिलग्लुकोसामाइनला चिकटतं, आणि चिकटल्यावर पेशी त्याला हळूहळू आत ओढून घेते. तासा-दोन तासांनी एकसंध कडेऐवजी ठिपके दिसू लागतात. नवख्या नजरेला तो झीज झालेला थर वाटतो, प्रत्यक्षात पेशीने गिळलेलं लेक्टिन असतं. तुम्ही टोचल्यानंतर किती मिनिटांनी प्रतिमा घेतली, हे प्रत्येक फाइलच्या नावातच लिहा. याच लेक्टिनचा डोस वाढला तर तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि बारीक वाहिन्या तुंबतात. कड फिकी आली म्हणून डोस वाढवू नका. डिटेक्टर सुधारा.

तिसरं कारण, इजा. याबद्दल मला माझा स्वतःचा अनुभव सांगायचा आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात एका प्रयोगशाळेत आम्हाला खिडकीच्या डाव्या कडेजवळच्या एका शिरिकेभोवती जवळपास प्रत्येक प्राण्यात गळती दिसायची, आणि तिथलं अस्तर तुटक. आजाराच्या प्रारूपातले प्राणी होते, म्हणून आम्ही ती आजाराची खूण समजलो. पाच महिने गेले. मग निरोगी प्राण्यांतही तीच जागा गळताना दिसली. मी उजव्या हाताने ड्रिल धरायचो आणि प्रत्येक वेळी डावीकडूनच सुरुवात करायचो. पहिल्या मिनिटात हात घाईत असतो, सलाइन पुरेसं पडलेलं नसतं, हाड तापतं आणि खालचं अस्तर भाजतं. त्या पाच महिन्यांत गेलेल्या प्राण्यांचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्याकडून आम्ही काही शिकलो नाही, फक्त माझ्या हाताची सवय मोजली.

तेव्हापासून वीस सेकंद ड्रिल, मग थांबा, थंड सलाइन, पुन्हा वीस सेकंद. ड्युराला, म्हणजे मेंदूवरच्या जाड आवरणाला, हात लावायचा नाही. रक्ताचा बारीकसा थेंब जरी खिडकीखाली राहिला तरी ती जागा मोजमापाला घ्यायची नाही. एकाच दिवसात खिडकी करून प्रतिमा घ्यायच्या असतील तर मी हाड पूर्ण न काढता वीस ते तीस मायक्रोमीटरपर्यंत घासून पातळ करणं पसंत करतो. स्पष्टता थोडी जाते, पण मेंदू उघडा पडत नाही. हाड काढायचंच असेल तर काच बसवून तीन-चार आठवडे प्राण्याला बरं होऊ द्या. २००७ मध्ये गान यांच्या गटाने दाखवलं होतं की हाड काढलेल्या खिडकीखाली ग्लियापेशी (मेंदूतल्या आधारपेशी) खवळतात आणि चेतापेशींच्या काट्यांची, म्हणजे जोडणीच्या बारीक उंचवट्यांची, उलथापालथ वाढते. चेतापेशीचं जे होतं ते वाहिनीचंही होणार, हे गृहीत धरून चाला.

इजा झाली की नाही याचा सर्वात प्रामाणिक साक्षीदार मायक्रोग्लिया, मेंदूतल्या संरक्षक पेशी. सीएक्स३सीआर१-जीएफपी उंदीर, ज्यांच्या मायक्रोग्लिया हिरव्या चमकतात, मिळाले तर दोन-चार प्राणी त्यांतले घ्या. निरोगी मेंदूत मायक्रोग्लियाचे हात सगळीकडे सारखे पसरलेले आणि सतत चाचपडत असतात. २००५ मधल्या दोन स्वतंत्र कामांत, डाव्हालोस आणि निमरयान यांच्या, हे लख्ख दिसलं: लेझरने छोटी जखम केली की काही मिनिटांत आजूबाजूच्या पेशींचे हात तिकडे वळतात आणि अर्ध्या तासात जखमेला वेढा पडतो. तुमच्या मोजलेल्या वाहिनीभोवती असा वेढा पडला असेल तर मोजणीत काय आलं ते विसरा. पृष्ठभागावरच्या शिरिकांत भिंतीवरून गडगडत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तरी तेच.

आता भूल आणि औषधं. यावर लोक एक ओळ लिहून पुढे जातात, आणि अस्तराच्या कामात ते चालत नाही. मेंदू सुजू नये म्हणून शस्त्रक्रियेआधी डेक्सामेथासोन देण्याची पद्धत आहे. पण डेक्सामेथासोन एंडोथेलियमच्या पेशींमधले घट्ट सांधे आणखी घट्ट करतं. तुमचा प्रश्नच अडसराबद्दल असेल तर तुम्ही मोजायच्या आधीच उत्तरात हात घातला. झायलाझीन असलेल्या भुलीने रक्तातली साखर चढते, आणि साखर चढली की ग्लायकोकॅलिक्स पातळ होतं असे पुरावे आहेत. आयसोफ्लुरेन वाहिन्या रुंदावतं. यातलं काहीही वर्ज्य नाही, पण दोन्ही गटांत तेच, तेवढंच आणि त्याच वेळी असायला हवं. शक्य असेल तर डोकं स्थिर करून जागेपणी प्रतिमा घ्या. त्यासाठी प्राण्याला दोन आठवडे सवय करावी लागते आणि ते आठवडे वाचवू नयेत. घाबरलेल्या उंदराचं रक्तही घाबरलेलंच असतं.

आणखी एक, शिरेत नळी ठेवत असाल तर हेपॅरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने) धुता का? ग्लायकोकॅलिक्सचा मोठा भाग हेपॅरान सल्फेटचा. त्याला धरून बसलेली प्रथिनं हेपॅरिन दिल्यावर सुटून रक्तात येतात. साधं सलाइन वापरा. आणि किती देता तेही बघा. पंचवीस ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्त जेमतेम दोन मिलिलिटर. लेक्टिन, डेक्स्ट्रान आणि धुण्याचं पाणी मिळून ०.२ मिलिलिटर गेलं तर रक्ताचा दहावा हिस्सा तुम्ही पाण्याने वाढवला. लव रक्तातल्या अल्ब्युमिनवर टिकून असते. तिला पातळ रक्तात ठेवून मोजू नका.

तुम्हाला जाडीच का मोजायची आहे, हेही एकदा स्वतःला विचारा. २०२५ च्या सुरुवातीला स्टॅनफर्डमधून सोफिया शी, बर्टोझी आणि विस-कोरे यांचं काम आलं. वय वाढतं तसा मेंदूच्या एंडोथेलियमवरचा म्युसिन प्रकारच्या शर्करांचा थर घटतो आणि तो जनुकीय मार्गाने भरून काढला की गळती कमी होते, असं त्यात आहे. म्हणजे या लवेचा प्रश्न आता कोपऱ्यातला राहिलेला नाही, आणि तुम्ही योग्य जागी आला आहात. पण तुमच्या आजाराच्या प्रारूपात गळती पेशींच्या मधून होते की पेशीच्या पोटातून, हा प्रश्न असेल तर लेक्टिनपेक्षा क्लॉडिन-५ ला (घट्ट सांध्यांतल्या प्रथिनाला) हिरवा रंग जोडलेले उंदीर जास्त उपयोगाचे. २०१४ मध्ये अगालिऊ यांच्या गटाने त्यांवरच दाखवलं की पक्षाघातानंतर सहा तासांतच पेशीच्या पोटातून होणारी वाहतूक वाढते आणि घट्ट सांधे मोडतात ते त्यानंतर, दोन दिवसांच्या सुमारास. हा क्रम कुठल्याही जाडीच्या आकड्यातून कळला नसता.

आता पुढचे प्राणी. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडे तुम्ही फॉर्म बी मध्ये, म्हणजे प्राणी वापरण्याच्या परवानगीच्या अर्जात, जी संख्या मंजूर करून घेतली आहे, तिच्यातून पहिले तीन प्राणी फक्त नियंत्रणासाठी वापरा. एकात तेच लेक्टिन दोन रंगांत. दुसऱ्यात नेहमीचाच प्रयोग, पण प्रत्येक वाहिनीला पहिली आणि शेवटची कमी शक्तीची प्रतिमा. तिसऱ्यात आधी मोजणी, मग शिरेतून हेपॅरिनेज किंवा हायल्युरोनिडेज, आणि अर्ध्या-एक तासाने त्याच वाहिन्यांची पुन्हा मोजणी. एन्झाइमने लव कापली गेल्यावर लाल कड हिरव्या शिखराकडे सरकायला हवी. सरकली नाही, तर तुमच्या आकड्यात ग्लायकोकॅलिक्स नव्हतंच. या तिन्ही प्राण्यांचे कच्चे आलेख, सरासरी न काढता, मला दाखवा. ०.८ च्या जागी कुठला आकडा लिहायचा ते त्यावरून ठरवू.